सहा दिवस की कोट्यवधी वर्षे?



धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल विचारते, "परमेश्वराने सहा दिवसांत जग निर्माण केले, मग विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे कसे?" तेव्हा आपण काय करतो? बहुधा "असे प्रश्न विचारू नयेत" म्हणून त्याला गप्प बसवतो. मूल गप्प बसते. पण बायबल खरे की शाळा खरी, हा प्रश्न मनात घेऊनच मोठे होते. मग एक दिवस ते मिस्साला येणेच थांबवते.

उत्पत्तीचा पहिला अध्याय आपण पुन्हा वाचूया. सूर्य निर्माण झाला चौथ्या दिवशी. मग आधीचे तीन दिवस मोजले कशावरून? संत ऑगस्टीन यांनी सुमारे 1600 वर्षांपूर्वीच या प्रश्नाचा विचार केला होता. हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नाहीत, असे त्यांना वाटे. ख्रिस्तसभेच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद 337) सहा दिवसांची मांडणी प्रतीकात्मक असल्याचे म्हटले आहे. सृष्टी कोणाची आणि कशासाठी, हे पवित्र शास्त्र सांगते. ती कशी आणि केव्हा घडली, हे विज्ञान शोधते.

खडकांचे थर कसे वाचावेत, हे 1669 साली निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने मांडले : खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. त्यांच्या काळी पृथ्वी काही हजार वर्षांचीच समजली जाई. पण याच नियमाच्या आधारे पुढे भूगर्भशास्त्र उभे राहिले. हे स्टेनो 1675 साली धर्मगुरू आणि 1677 साली बिशप झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 साली त्यांना धन्यवादित घोषित केले. खडकांचा अभ्यास त्यांच्या श्रद्धेच्या आड आला नाही.

आपल्या सह्याद्रीच्या घाटातही काळ्या खडकाचे थर एकावर एक दिसतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे ते थर आहेत. पुढच्या वेळी घाटातून जाताना मुलांना ते दाखवूया आणि सांगूया, "बाळांनो, परमेश्वराला घाई नव्हती."

सत्याला सत्याचे भय नसते. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगूया व त्यांच्यासोबत शोधूया. त्यांना गप्प मात्र बसवू नये.

हे प्रभू, आमच्या मुलांचे प्रश्न ऐकण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.