मोकळेपणाची किंमत

बिद्रीच्या साखर कारखान्याचे धुराडे धूर सोडू लागले, की आमच्या अंगणापर्यंत मळीचा वास येतो. गळिताचा हंगाम दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतो. त्यामुळे ऊस आणि सण माझ्या मनात एकदमच येतात. आयुष्यभर मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले. परंतु शर्करेविषयीचा एक प्रश्न मला निवृत्तीनंतर भेटला, आणि तो निव्वळ रसायनाचा राहिला नाही.

शर्करा म्हणजे केवळ गोडी नव्हे. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहानमोठ्या साखळ्या असतात आणि काही प्रथिने त्या नेमक्या ओळखतात. कित्येक जंतू पेशीला चिकटतात तेही याच ओळखीच्या आधाराने. आपल्या कुंपणावर चढणाऱ्या अबईच्या एका जवळच्या जातीच्या बियांतून जेम्स समनर याने १९१९ साली कोनकॅनव्हॅलिन ए हे असे एक प्रथिन वेगळे काढले. ते ग्लुकोज आणि मॅनोज यांना धरते. आपल्या भुईमुगाच्या दाण्यातही त्याचे भावंड आहे. त्याची रचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने उलगडली व १९९४ साली प्रसिद्ध केली.

ही पकड कशी बसते? एमिल फिशरने १८९४ साली कुलूप आणि किल्लीचा दृष्टान्त दिला. पण शर्करेची साखळी किल्लीसारखी ताठ नसते. तिची कडी एकेका ऑक्सिजन अणूने सांधलेली असतात आणि त्या सांध्यांपाशी ती वळतात. पाण्यात ती अनेक आकार घेत असते. प्रथिनाच्या खाचेत बसताना मात्र तिला बहुतेक आकार सोडून एकाच ठेवणीत राहावे लागते. हे मोकळेपण गमावणे निसर्गाच्या वहीत खर्चाच्या बाजूला पडते. शास्त्रज्ञ त्याला एन्ट्रॉपीची घट म्हणतात.

मग रसायनज्ञांनी सरळ विचार केला. ही साखळी खाचेत जो आकार घेते त्याच आकारात आधीच बांधून टाकली, दोन कड्यांमध्ये कार्बनचा एक छोटा पूल घातला, तर तो खर्च वाचेल आणि पकड पुष्कळ घट्ट होईल. तसे रेणू त्यांनी मोठ्या कष्टाने बनवले आणि बंधनाच्या वेळी बाहेर पडणारी उष्णता सूक्ष्म उपकरणाने मोजली. मोकळेपणाच्या खात्यावर अनेकदा बचत दिसली. परंतु उष्णतेच्या खात्यावर तूट आली. एकूण पकड काही वेळा थोडी वाढली, काही वेळा होती तेवढीच राहिली, तर काही वेळा उलट सैल झाली. बांधलेला आकार खऱ्या आकाराहून किंचित वेगळा पडला, की शेवटची बारीक जुळवणी करायला रेणूपाशी काही उरत नाही.

हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बसलो. मला माझी मुलगी आठवली.

तिला आम्ही लहानपणापासून घडवले. खरे सांगायचे तर मीच घडवले. मोठ्याने हसू नये, पहिला घास आपण घेऊ नये, कुणी विचारल्यावाचून मत देऊ नये. परक्या घरी जायचे आहे, तेव्हा वळण आधीच लागलेले बरे, म्हणजे तिला तिथे जड जाणार नाही, असा माझा हिशेब होता. लग्न झाले, सासरी ती अलगद बसली, कुणाची तक्रार आली नाही. एकदा माहेरी आली असता मी अभिमानाने म्हणालो, "पोरी, तुला तिथं काही सोडावं लागलं नाही." ती भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, सोडायला हातात होतं काय?"

त्या वाक्याचे उत्तर मला आजही देता आलेले नाही. रेणूला मन नसते आणि निसर्गाच्या वहीतून नीतीचे धडे काढू नयेत, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. तरी त्या वहीने माझी एक चूक मला दाखवली. आधी बांधून ठेवल्याने किंमत वाचते हे खरे नाही. ती फक्त आधी भरली जाते, आणि प्रयोगशाळेत ती रसायनज्ञ भरतो. माझ्या घरात बांधणारा मी होतो आणि भरणारी ती होती. बचत मात्र मी माझ्या नावावर मांडली.

याचा अर्थ वळणच नको, असा मी घेत नाही. नुसत्या सैल साखळीची पकडही दुबळीच असते. भाषा, शिस्त, दिलेला शब्द पाळणे या बांधण्यांवाचून माणूस कुणाशीच नीट जोडला जात नाही. परंतु दुसऱ्याशी जोडले जाताना माणूस आपले काही आपण होऊन सोडतो, यातच त्या नात्याचे मोल असते. ते सोडण्याचा हक्कच आपण मुलांकडून आधी काढून घेतला, तर ती बसतील जागच्या जागी. पण जोडली जातील का?

यंदा दिवाळीला नात येणार आहे. ती मोठ्याने हसते असे मुलीने फोनवर सांगितले, आणि सांगताना तीही हसली.