पाण्याचें माप व शेजाऱ्याचें ऋण

पिण्याच्या पाण्यांत फ्लोराइड असावें कीं नसावें, हा वाद जगांत पुष्कळ वर्षें चालला आहे. अमेरिकेंतील ग्रँड रॅपिड्स नगरीनें १९४५ सालीं दांतांच्या रक्षणार्थ तें पाण्यांत मुद्दाम मिसळलें. तेव्हांपासून लोक पुसतात कीं, आमच्या संमतीवांचून हें कां? आम्हां हिंगोलीकडील खेडुतांचा प्रश्न निराळा आहे. आमच्या देशांत कित्येक ठिकाणीं तें खडकांतूनच खोल बोअरच्या पाण्यांत उतरतें, आणि कोणी कोणास पुसत नाहीं. लिटरमागें दीड मिलिग्रॅमहून तें अधिक झालें म्हणजे लहानपणापासून पिणाऱ्यांचे दांत डागाळतात. फारच वाढलें तर कालांतरानें हाडें ताठरतात. पाणी मात्र निर्मळच दिसतें, आणि उकळल्यानें हा दोष जात नाहीं.

मग धर्म कोणता? जें सर्वांनीं प्यावयाचें, त्याचें माप सर्वांस ठाऊक असावें. गांवाच्या अब्रूसाठीं अथवा मुलामुलींच्या सोयरिकी मोडतील या भयानें तपासणीचा आंकडा दडविणें, हें शेजाऱ्याविरुद्ध पाप होय. यरीहोचें नगर रम्य होतें. तरी तेथील पाणी वाईट आहे, हें लोकांनीं अलीशापासून लपविलें नाहीं, म्हणूनच उपाय झाला. आजहि तुरटी व चुना यांनीं फ्लोराइड कमी करण्याची रीत नागपूरच्या नीरी संस्थेनें दाखविली आहे. तर बंधुभगिनींनो, तपासणी मागा, आंकडा चावडीवर लावा, आणि ज्याची विहीर चांगली ठरेल त्यानें कोणत्याहि जातीच्या तहानेल्यास तेथून परतवूं नये.