संसाराची वाटणी आणि मालकीचा कागद

हिंदू विवाह कायद्याने 1955 साली घटस्फोटाची वाट देशभर खुली केली, परंतु घटस्फोटानंतर घर कोणाचे, या प्रश्नाला त्याने जवळजवळ हातच घातला नाही. या कायद्याच्या कलम 27 अन्वये न्यायालयाला वाटणीचा जो अधिकार मिळतो, तो विवाहप्रसंगी किंवा त्याच्या आसपास दोघांना मिळालेल्या सामाईक मालमत्तेशी बांधलेला आहे. नंतरच्या वीस वर्षांत कर्ज काढून घेतलेली सदनिका, मुदत ठेवी, भविष्य निर्वाह निधी यांच्यासाठी त्यात स्वतंत्र सूत्र नाही. अशा मालमत्तेबाबत ‘विभक्त मालकी’चे तत्त्व चालते, म्हणजे विवाहामुळे पतिपत्नींची मालमत्ता एकत्र होत नाही आणि ज्याच्या नावावर खरेदीखत आहे, किंवा ज्याला पैसे भरल्याचे सिद्ध करता येते, त्याचीच ती मानली जाते. स्त्रीधन, म्हणजे पत्नीला माहेरून, सासरहून वा अन्य आप्तांकडून मिळालेले दागिने व भेटी, हे तिचे निरपवाद स्वामित्व असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले; तथापि दागिने सासरच्या कपाटात आणि पावत्या कोणाकडेच नाहीत, अशा स्थितीत हे स्वामित्व वसूल करणे किती अवघड जाते, हे कौटुंबिक न्यायालयातील कोणताही वकील सांगेल.

पुराव्याचा हा प्रश्न घराबाबत अधिक तीव्र होतो. ठाणे-डोंबिवलीच्या पट्ट्यातील एखाद्या नोकरदार जोडप्याचा हिशेब पाहिला, तर गृहकर्जाचा हप्ता बहुधा पतीच्या खात्यातून वळता होतो, आणि किराणा, दूध, मुलांची फी, सासूची औषधे हा खर्च पत्नीच्या पगारातून भागतो. तिच्या पगारावर घर चालले नसते तर त्याला हप्ता भरणे जमले नसते, हे दोघांनाही ठाऊक असते. परंतु पंधरा वर्षांनंतर बँकेचा उतारा हप्त्याची प्रत्येक नोंद दाखवतो आणि वाण्याचे बिल कधीच रद्दीत गेलेले असते. जी पत्नी नोकरी करीत नाही, तिच्या श्रमाची तर रद्दीदेखील उरत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये, घटस्फोटाच्या नव्हे तर मालमत्तेच्या एका दाव्यात, परदेशी कमावणाऱ्या पतीच्या पैशातून घेतलेल्या मालमत्तेत गृहिणीचाही वाटा असल्याचे मान्य केले, ही दिशा स्वागतार्ह आहे. मात्र एका निकालाने सर्वांसाठी नियम तयार होत नाही.

मालकीऐवजी कायदा पत्नीला दोन गोष्टी देतो. पहिली पोटगी, जिची रक्कम गरज आणि ऐपत पाहून ठरते. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही पक्षांवर मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले असले, तरी त्या यादीचा उपयोग पोटगी ठरवण्यासाठी होतो, हिस्सा काढण्यासाठी नाही. दुसरी निवाऱ्याची हमी, जी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 17 ने ‘सामाईक घरा’त, म्हणजे पतीसोबत राहिलेल्या घरात, दिली. हे घर सासूसासऱ्यांच्या नावावर असेल तर तो हक्क नाही, असा 2006 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेच 2020 मध्ये आहुजा खटल्यात मोडीत काढला. तरीही राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, हे त्यातही कायम राहिले.

महाराष्ट्राची सीमा ओलांडताच हे चित्र पालटते. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील विवाहविषयक तरतुदी अद्याप लागू असून विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर ‘मालमत्तेची सामाईकता’ आपोआप अस्तित्वात येते, म्हणजे काही अपवाद वगळता दोघांची आधीची व नंतरची मालमत्ता एक होते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा विवाहाच्या दिवसापासूनच धरला जातो. आयकर कायदाही ही व्यवस्था मानत आला असून पगार वगळता इतर उत्पन्न तो अशा जोडप्यात निम्मे-निम्मे विभागतो. सामाईक मालमत्तेचा कारभार मात्र संहितेने पतीच्या हाती ठेवला, आणि काही कर्जांचा भारही दोघांवर येतो, त्यामुळे गोव्याची व्यवस्था निर्दोष म्हणता येणार नाही. परंतु तेथील पत्नीला आपला वाटा मागताना वाण्याची बिले शोधावी लागत नाहीत, हा फरक लहान नाही.

परस्परसंमतीने वेगळे होणाऱ्यांनीही एक बारकावा ध्यानात घ्यावा. ‘कन्सेंट टर्म्स’मध्ये सदनिका पत्नीला आणि हप्ते पतीला, असे लिहून घेतले तरी बँक त्या तडजोडीत पक्षकार नसते, कर्ज दोघांच्या नावावर असेल तर थकीत रक्कम ती दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते, म्हणून बँकेची लेखी संमती आधी घेणे आवश्यक ठरते.

पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत हिस्सा देणारे दुरुस्ती विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत संमत झाले आणि लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. तथापि विवाह, घटस्फोट व वारसा हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्राप्रमाणे राज्यालाही त्यांवर कायदा करता येतो, आणि मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने केंद्राच्या अकरा वर्षे आधी, 1994 मध्येच केली होती. विवाहकाळात कमावलेल्या मालमत्तेत दोघांचा समान हिस्सा गृहीत धरणारी तरतूदही विधिमंडळाने राष्ट्रपतींच्या संमतीने त्याच मार्गाने करावी.