पेत्राची बोली



सुट्टी लागण्यापूर्वीची गोष्ट. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले प्रभूची प्रार्थना म्हणत होती. चौथीतला एक मुलगा मध्येच अडखळला आणि पुढची ओळ घरच्या सादरी भाषेत म्हणून गेला. त्याचे आईवडील कामासाठी झारखंडहून आपल्या गावात आले आहेत. वर्गात हशा पिकला. त्याला टोपणनाव पडले. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

मी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, “फादर, तो मला सांगतो, बाहेर माझ्याशी आपल्या भाषेत बोलू नकोस.”

मला पेत्र आठवला. प्रमुख याजकाच्या अंगणात लोकांनी त्याला गालिली बोलीवरून ओळखले आणि भीतीने त्याने आपल्या प्रभूलाच नाकारले. बोलण्यावरून हेरला जाणारा माणूस असा घाबरतो. मग तो आपल्याच माणसांना नाकारू लागतो.

मुलांना रागावण्याचा अधिकार आपल्याला आहे का? मी लहानपणी घरी कादोडी बोलत असे. शाळेत एकदा घरचा शब्द तोंडून निसटला, तेव्हा सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्यानंतर कित्येक दिवस मी हात वर केला नाही. आज आपण कादोडी, वाडवळी जपण्याविषयी तळमळीने बोलतो. ती तळमळ खरी असेल, तर दुसऱ्याच्या मायबोलीची थट्टा आपल्याला कशी रुचेल?

शास्ते पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात ‘शिब्बोलेथ’ म्हणता न आल्यामुळे यार्देनेच्या उतारावर माणसे मारली गेली. त्या लढाईत एफ्राइमचे ४२ हजार लोक पडले. थट्टा आणि तलवार यांत अंतर आहे, पण वाट एकच आहे.

आज पेंटेकॉस्टचा सण. पवित्र आत्म्याने यरुशलेमेत जमलेल्या लोकांवर एकच भाषा लादली नाही. पार्थी, मेदी, एलामी अशा प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. आणि उभा राहून बोलला कोण? तोच गालिली पेत्र!

“इथे राहायचे तर मराठी शिकायला नको का?” असे कोणी विचारील. जरूर शिकावे, आणि तो मुलगा शिकतोच आहे. पण हसल्याने मूल मराठी शिकत नाही, गप्प बसायला शिकते. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. ते आपली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. एका परक्याने आपल्या भाषेचा एवढा मान राखला!

जूनमध्ये शाळा उघडतील. पालकहो, तुमच्या मुलाच्या बाकावर कोण बसते, त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात, हे त्याला विचारा. मुलांनो, आपण ‘जय ख्रिस्त’ म्हणतो, त्याच्या गावी ‘जय येसु’ म्हणतात. या रविवारी मिस्सानंतर त्याला तसेच म्हणा.

प्रभू आपल्या जिभा आणि कान पवित्र करो. आमेन.

तुमचा धर्मगुरू