कारण आणि जाब

बारावीनंतर मुलीने मानसशास्त्राची ऑनर्स पदवी घेण्याचा मनोदय बोलून दाखविला की आपल्या घरांतून दोन शंका हमखास निघतात. पहिली पोटापाण्याची, आणि ती गैर नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष पूर्ण केल्यावर ऑनर्सची पदवी मिळते खरी. पण तेवढ्याने कोणी रुग्णावर उपचार करण्यास पात्र ठरत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी पुढचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी लागते. हे आधीच ठाऊक असलेले बरे. दुसरी शंका ईमानाची. ज्या विद्येच्या पुस्तकांत रूह नाही, आखिरत नाही, ती शिकून मूल दीनपासून दुरावेल काय?

ही भीती व्यक्त करताना बहुधा फ्रॉइडचे नाव घेतले जाते. धर्माला भ्रम ठरविणारा हा व्हिएन्नाचा डॉक्टर अभ्यासक्रमात असतो. परंतु त्याच्या वाट्याला एखादे प्रकरण येते, आणि त्याचे पुष्कळसे सिद्धांत आज मानसशास्त्रज्ञच पुराव्याने सिद्ध झालेले मानत नाहीत. विद्यार्थ्याचा बराचसा वेळ संख्याशास्त्रात, स्मरणशक्तीच्या प्रयोगांत आणि आरशात पाहून चांदणी गिरविण्यासारख्या प्रात्यक्षिकांत जातो. यात ईमानाला धक्का लागावा असे काही नाही.

कसोटी लागते ती सामाजिक आणि अपसामान्य मानसशास्त्राशी गाठ पडल्यावर. तेथे पानोपानी कारणे भेटतात. संतापामागे बालपणीची मारझोड, व्यसनामागे संगत आणि मेंदूतील बदल, क्रौर्यामागे वरून आलेला हुकूम. विचारी विद्यार्थ्याच्या मनात मग एक प्रश्न हळूच घर करतो. प्रत्येक कृत्यामागे कारण असेल आणि ते कारण माणसाने स्वतः निवडलेले नसेल, तर जाब कोणाला विचारायचा? हिशेबाच्या दिवसावर ज्याची श्रद्धा आहे, त्याच्यासाठी हा केवळ परीक्षेतला प्रश्न नव्हे.

या प्रश्नाला धार आणणारा एक प्रयोग प्रत्येक विद्यार्थी शिकतो. 1961 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी तो सुरू केला. सामान्य नागरिकांना बोलावून सांगण्यात आले की, शेजारच्या खोलीतील माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला तो वाढवीत न्यायचा. झटके खोटे होते आणि तो माणूस सामील होता. बटण दाबणाऱ्याला मात्र ते खरे वाटत होते. (माणसाला असे फसवून ज्ञान मिळवावे का, हा वेगळाच प्रश्न. आजच्या नैतिकता समित्या अशा प्रयोगाला सहजासहजी परवानगी देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.) 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले.

पाठ्यपुस्तके या 26 जणांवर भर देतात. मला अधिक मोलाचे वाटतात ते उरलेले 14. खोली तीच, हुकूम तोच, करड्या डगल्यातला प्रयोगकर्ताही तोच. तरीही ते वाटेत कोठेतरी थांबले. परिस्थिती माणसाला ढकलते, हे 26 जणांनी दाखविले. ती त्याला बांधून टाकत नाही, हे 14 जणांनी. शास्त्र सरासरीविषयी बोलते. हिशेब मात्र एकेकट्याचा होणार आहे. सूरह इब्राहीमच्या 22व्या आयतीत खुद्द सैतान आपल्या अनुयायांना ऐकवतो की, माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती, मी केवळ साद घातली आणि तुम्ही ओ दिली. प्रलोभन आणि सक्ती यांतील हा भेद मिलग्रॅमच्या खोलीतही दिसून येतो.

मिलग्रॅम यांनी पुढे त्याच प्रयोगाचे अनेक प्रकार करून पाहिले. एकात बटण दाबणाऱ्याच्या सोबत आणखी दोघे बसविले आणि त्या दोघांनी मध्येच नकार दिला. त्या वेळी अखेरपर्यंत जाणारे 40 पैकी केवळ 4 उरले. नकार देणारी संगत मिळताच बहुसंख्य माणसे सावरली. हे वाचताना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेली, नव्याण्णव माणसांची हत्या करणाऱ्याची कथा आठवल्यावाचून राहत नाही. पश्चात्ताप झाल्यावर तो एका संन्याशाकडे गेला. तुला क्षमा नाही, असे उत्तर मिळताच त्याने त्यालाही मारून शंभर पुरे केले. नंतर तो एका विद्वानाकडे गेला. त्या विद्वानाने दोन गोष्टी सांगितल्या: तौबाचे दार उघडे आहे, आणि तुझा गाव सोड, कारण ती भूमी वाईट आहे, अमुक ठिकाणी सज्जन राहतात, तेथे जा. त्या जाणकाराने परिस्थितीचा प्रभाव पूर्णपणे ओळखला, पण गाव वाईट होता म्हणून तू निर्दोष आहेस, असे तो म्हणाला नाही. चालत जाण्याचे काम त्या माणसालाच करायचे होते. कारण कळल्यामुळे त्याची जबाबदारी संपली नाही, उलट तिला दिशा मिळाली.

मात्र जेथे कुवतच उरलेली नसते, तेथे इस्लाम जाब विचारत नाही. निद्रिस्त, अल्पवयीन मूल आणि बुद्धी हरपलेला माणूस, या तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. दुष्काळाच्या वर्षी हजरत उमर (र.) यांनी चोरीची ठरलेली शिक्षा स्थगित ठेवल्याचे इतिहासात नमूद आहे. नवव्या-दहाव्या शतकातील अबू जैद अल-बल्खी यांनी तर दुःखाचे दोन प्रकार वेगळे केले होते: ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते ते, आणि ज्याचे कारण ठाऊक नसून मूळ शरीरात असते ते. एवढा वारसा असताना, नैराश्याने अंथरूण धरलेल्या मुलाला ‘तुझे ईमान कच्चे आहे’ असे आपण कोणत्या आधारावर ऐकवतो?

मानसशास्त्राने माणसाची एक खोड टिपून ठेवली आहे. दुसरा चुकला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. स्वतः चुकलो की परिस्थितीकडे बोट दाखवितो. शेजाऱ्याचा मुलगा नमाजला उशिरा आला तर तो आळशी, आपला आला तर रस्त्यावर गर्दी होती! ली रॉस यांनी 1977 मध्ये या खोडीच्या पहिल्या अर्ध्या भागाला नावही दिले. सूरह हुजुरातच्या 12व्या आयतीने पुष्कळशा संशयापासून दूर राहण्याची आज्ञा दिली, आणि सूरह कियामहने बजावले की माणूस कितीही सबबी पुढे करो, तो स्वतःविरुद्ध साक्षीदार आहेच. दीनची शिकवण या खोडीला उलटे वळण देते. दुसऱ्यासाठी कारण शोधा, स्वतःला जाब विचारा. म्हणून ऑनर्सच्या विद्यार्थिनीने पुस्तकातली लक्षणे घरातल्या माणसांना चिकटवीत फिरू नये, आणि तीच लक्षणे स्वतःसाठी वकीलपत्रासारखी वापरू नयेत.

पण हे वळणही सर्वत्र पुरत नाही. समजा, अशा विद्यार्थिनीची फूफी मार खाऊन माहेरी आली आहे. फूफांचे बालपण वडिलांच्या पट्ट्याखाली गेले, हे साऱ्या घराला माहीत आहे. वडीलधारे म्हणतात, “तू तर मन शिकतेस, समजाव तिला. तो असा का झाला ते तुला कळते. सबर कर म्हणावे.” येथे दुसऱ्याला सबब देणे म्हणजे दया नव्हे. माझ्यावर झालेला अन्याय मी माफ करू शकते. फूफीवर झालेला अन्याय माफ करण्याचा अधिकार माझा नाही, तो हक्कुल इबाद आहे. सूरह निसाच्या 135व्या आयतीने न्यायाची साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या आणि नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी द्यायला सांगितली आहे. जालीम भावालाही मदत करा, आणि ती मदत म्हणजे त्याचा हात धरणे, ही प्रेषितांची (स.) शिकवण अशाच प्रसंगासाठी आहे.

तिने वडीलधाऱ्यांना अदबीने, पण स्पष्ट सांगावे की फूफांचे बालपण खरे आहे आणि फूफीच्या अंगावरचे वळही खरे आहेत. आधी फूफी आणि मुले सुरक्षित राहतील एवढी सोय व्हावी. गरज पडल्यास 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. त्यानंतर फूफांसाठी चांगला डॉक्टर शोधावा, आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात जायला घरातला एखादा पुरुष तयार व्हावा. पट्ट्याच्या आठवणींवर इलाज डॉक्टर करतील. फूफीसमोर बसून माफी मात्र फूफांनाच मागावी लागेल.