कॅल्क्युलस की स्टॅटिस्टिक्स?

अमेरिकेतल्या हायस्कुलात शेवटच्या वर्षी पोरापुढे पेच पडतो: कॅल्क्युलस घ्यायचं की स्टॅटिस्टिक्स? कॅल्क्युलस म्हणजे घरातली थोरली सून. स्टॅटिस्टिक्सची 'एपी' परीक्षा सुरू झाली १९९७ साली. ही धाकटी, तिला मान बेताचाच.

वडील मंडळींचा निकाल ठरलेला असतो. "कॅल्क्युलसच घे! शेजारच्यांच्या मुलानं घेतलं, कुठल्या कुठे गेला बघ!" आता, एका मुलावरून अख्ख्या जगाचा अंदाज बांधू नये, हे ज्या विषयात शिकवतात नेमका तोच नाकारायचा, याला काय म्हणावं?

इंजिनियर व्हायचं असेल त्यानं कॅल्क्युलस जरूर घ्यावं. क्षणाक्षणाला बदलणारा वेग त्यावाचून मोजता येत नाही. पण रोगी औषधानं बरा झाला की आपला आपणच, हे ताडायला स्टॅटिस्टिक्सच लागतं. थोरलेपणाचा इथे संबंध नाही.

कॉलेजच्या दारात शोभावं म्हणून घेतलेला विषय भाड्याच्या शेरवानीसारखा; फोटो निघाले की परत. म्हणून पोराला आधी विचारावं, "तुला काय जाणून घ्यायचंय?" तो "ठाऊक नाही" म्हणाला, तरी रागावू नये. आपल्याला तरी पन्नाशीत कुठे ठाऊक असतं? तो निदान कबूल करतोय.