खेळातला कागद

हिंगोलीतल्या माझ्या घरी रविवारी आम्ही पाच-सहा जण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. एकाने गोष्ट रचायची आणि बाकीच्यांनी फासे टाकत त्यातली पात्रं व्हायचं. गोष्ट रचणारा मी. नसलेल्या राज्याची सनद खरी वाटावी म्हणून मी कागद चहाच्या पाण्यात भिजवतो, आडव्या रेघा ओढून घेतो आणि बोरूने मोडीत मजकूर लिहितो. जुन्या मोडीसारखा, शब्दांमध्ये जागा न सोडता.

एकदा अशी सनद दोरीवर वाळत असताना शेजारचे काका आले. त्यांनी ती दोन्ही हातांनी अलगद उतरवली. “कोणत्या सालची हो? आमच्या गावाचं नाव आहे का हिच्यात?”

मराठवाडा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. २०२३मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून इथे कितीतरी घरांत जुन्या कागदांत ‘कुणबी’ ही नोंद शोधणं चालू आहे. त्या एका शब्दावर नातवंडांचा दाखला अवलंबून असतो. काकाही तेच शोधत होते.

“खेळातली आहे काका, मीच केलीय.”

ते हसले नाहीत. “म्हणजे जुनं करता येतं तर,” एवढंच म्हणाले आणि सनद परत दोरीवर अडकवली.

मला कुणाला फसवायचं नव्हतं. काकाही फसले नाहीत, मी लगेच खरं सांगितलं. तरी काहीतरी बिघडलं होतं. आता खरा कागद हाती आला तरी आधी त्यांना माझी दोरी आठवणार. जुन्या कागदावरचा विश्वास ही सगळ्यांची सामाईक ठेव आहे. माझ्या हौसेने त्यातलं थोडं खर्च केलं.

सनदेत काल्पनिक राजाचं नाव होतं, ते वाचलं की खोटेपणा कळतोच, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण काकांना मोडी येत नाही. ज्याला वाचता येत नाही, खूण त्याच्यासाठीच हवी.

म्हणून आता प्रत्येक कागदाच्या तळाशी मी ठळक देवनागरीत ‘खेळासाठी’ असं लिहितो. मजा जाते, अशी मंडळींची सुरुवातीला कुरकुर होती. पण फासे पडले की ती ओळ कुणी बघत नाही. नाटकातल्या राजाला आपण मान देतोच, म्हणून शेतसारा त्याच्याकडे भरत नाही. खेळाला विश्वास लागत नाही, संमती पुरते. काकांकडून ती मी घेतली नव्हती.